ग्लासात डकवीड वाढवा, एक दिवसाआड मोजा: पॉप्युलेशन कशी वाढते ते घरी बघायची पद्धत

भाचीचं बारावीचं बायोलॉजीचं प्रोजेक्ट होतं, विषय पॉप्युलेशन ग्रोथ, आणि पोरीनं नेटवरून तो एस आकाराचा ग्राफ उतरवून, स्केचपेनने रंगवून, वर बॉर्डर मारून तयार ठेवलेला. मी विचारलं अगं हा ग्राफ कशाचा आहे, तर म्हणे "कशाचाच नाही मामा, असाच असतो तो." म्हटलं चल, मग कशाचा तरी काढूया. त्यातून हे सगळं झालं, आणि आता ओळखीतले तीन-चार जण विचारतायत की काय काय लागतं, कसं करायचं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

खर्च जवळजवळ शून्य आहे. वेळ लागतो साधारण तीन आठवडे, आणि रोज नाही, एक दिवसाआड दहा-पंधरा मिनिटं.

प्राणी कुठला घ्यायचा तर प्राणी घेऊच नका. गप्पी मासे मरतात, मग पोरं रडतात. चिलटं केळ्यावर सहज येतात पण मोजताना उडतात. डकवीड बेस्ट. तळ्यावर, डबक्यावर हिरव्या टिकल्यांची साय धरल्यासारखी जी दिसते ना, तीच. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मागा, बहुतेक वेळा फुकट देतात कारण त्यांनाच ती नको असते, एकदा टाकीत शिरली की निघत नाही. उलटी करून बघा, प्रत्येक टिकलीला खाली एकच बारीक पांढरं मूळ लोंबत असेल तर ती डकवीडची लेम्ना नावाची जात. मुळांचा झुपका असेल आणि खालून जांभळट दिसत असेल तर ती जरा मोठी जात, तीही चालेल, फक्त दोन्ही मिसळू नका. शेतकरी जनावरांना घालतात तो अझोला मात्र नको, तो नेचा आहे, खवल्या-खवल्यांचा असतो आणि एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही, मोजणार काय डोंबल.

डकवीडची गंमत अशी की तिला बी वगैरेची फारशी गरज पडत नाही. टिकलीच्या कडेला एक छोटासा खिसा असतो, त्यातून पिल्लू टिकली बाहेर येते, काही दिवस आईला चिकटून राहते आणि मग सुटून वेगळी तरंगायला लागते, आणि तोवर तिच्या खिशातही पुढची आलेली असते. म्हणजे नर मादी, लग्न जमवणं, काही भानगड नाही. एक टिकली म्हणजे एक जीव, सरळ हिशोब.

आता मांडणी. पारदर्शक प्लास्टिकचे तीन ग्लास घ्या, तोंड साधारण सात सेंटिमीटरचं. मोठा डबा घ्यायचा मोह होईल, नका घेऊ, कारण मोठ्या डब्यात पुढे हजारो टिकल्या होतात आणि मोजता मोजता डोळे जातात. तीनच का? एक तर नशिबाचा भाग कमी होतो, आणि दुसरं म्हणजे घरात कोणीतरी एक ग्लास ओतून टाकतंच. आमच्याकडे पाचव्या दिवशी आईने एक ग्लास तुळशीत ओतला, "शेवाळं धरलेलं पाणी काय ठेवलंय खिडकीत" म्हणून. उरले दोन.

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जातं. त्यात खाणं म्हणून गांडूळखताचं गाळलेलं पाणी टाका, एवढंच की ग्लासातलं पाणी अगदी फिक्या चहासारखं दिसेल. जास्त टाकलंत तर हिरवं शेवाळ माजतं आणि डकवीडच्या मुळांना गुंडाळून बसतं. माशांच्या टाकीचं पाणी असेल तर उत्तमच, त्यात माशांच्या शी-शूचा नायट्रोजन आयता असतो. ग्लासावर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि उडालेलं पाणी मोजायच्या दिवशी तेवढंच भरत राहा. पूर्वेच्या खिडकीत ठेवा, एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात नको, टिकल्या पांढऱ्या पडतात. आणि तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने लावा, हे विसरू नका, साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूवाला डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार होतो, म्हणजे प्रोजेक्ट डकवीडचं आणि पॉप्युलेशन वाढली डासांची असं होईल.

प्रत्येक ग्लासात बारा टिकल्या सोडा. दोन किंवा चार नको. दोनातली एक मेली की अर्धी जनता गेली, आणि तुमचा ग्राफ सुरू व्हायच्या आधीच संपला. संख्या लहान असली की नशीबच सगळं ठरवतं. माळढोकचं हेच दुखणं आहे बघा, देशभरात मिळून दोनशेच्या आत उरलेत आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, मग एखादा पक्षी विजेच्या तारेला धडकून गेला तरी तो मोठा आकडा असतो.

मोजणी. सगळा खेळ इथेच जमतो किंवा फसतो. वरून सरळ मोबाईलने फोटो काढा, फोटो मोठा करा आणि एडिटमध्ये जाऊन मोजलेल्या प्रत्येक टिकलीवर लाल ठिपका देत जा. नुसतं बोट दाखवत मोजायला गेलात तर शंभराच्या पुढे हमखास चुकणार. टिकल्या एकमेकींवर चढल्या असतील तर फोटोआधी टूथपिकने हलक्या हाताने पसरवा. आणि पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा की "एक" कशाला म्हणायचं. आमचा नियम होता, साध्या डोळ्यांना दिसेल ते प्रत्येक पिल्लू मोजायचं, आईला चिकटलेलं असलं तरी. आठव्या दिवशी मी ऑफिसला होतो, भाचीने एकटीने मोजलं आणि फक्त मोठ्या मोठ्या टिकल्या धरल्या, झालं, ग्राफ धाडकन खाली. ती मला मेसेज करतेय "मामा मरायला लागल्या." मेली कोणीच नव्हती. फोटो होता म्हणून संध्याकाळी परत मोजलं, ६१ निघाल्या.

हसण्यावारी नेऊ नका, मोठ्या मोजणीतही हे होतं. देशातल्या वाघांचा अंदाज २००६ साली १,४११ होता आणि २०१८ साली २,९६७, म्हणजे बारा वर्षांत दुपटीच्या थोडं वर. वाघ वाढले हे खरंच आहे, पण मधल्या काळात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जंगलात लावलेले आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, कितीतरी वाढले आणि जास्त जंगल मोजणीत आलं, त्यामुळे त्या वाढीत किती भाग नव्या वाघांचा आणि किती चांगल्या मोजणीचा हे वेगळं काढायला अवघड जातं. पद्धत बदलली की आकडा बदलतो, तुमच्या ग्लासातही.

खिडकीजवळच्या ग्लासाचे आमचे आकडे देतो, दिवस शून्यपासून एक दिवसाआड: १२, १५, २४, ३८, ६१, ९६, १४९, २१७, २८४, ३३०, ३५२, ३६१.

आता दोन रकाने करा. पहिल्यात आजचा आकडा वजा परवाचा आकडा, म्हणजे किती वाढल्या. दुसऱ्यात आजचा आकडा भागिले परवाचा आकडा, म्हणजे किती पट झाल्या, याला गुणक म्हणू. बहुतेक जण पहिलाच रकाना बघतात आणि तिथेच फसतात.

पहिला रकाना येतो ३, ९, १४, २३, ३५, ५३, ६८, ६७, ४६, २२, ९. दुसरा येतो १.२५, १.६, १.५८, १.६, १.५७, १.५५, १.४६, १.३१, १.१६, १.०७, १.०३.

सुरुवातीचा १.२५ सोडून द्या, टिकल्या दुकानातल्या टाकीतून आमच्या ग्लासात आल्या होत्या, नवीन पाण्यात रुळायला दोन दिवस गेले. तिथून पुढे बाराव्या दिवसापर्यंत गुणक जवळपास एकच आहे, १.६ च्या आसपास. म्हणजे प्रत्येक टिकली आपापल्या परीने तेवढीच मेहनत करतेय, फक्त मेहनत करणाऱ्या वाढतायत. दोन दिवसांत १.६ पट म्हणजे दुप्पट व्हायला साधारण तीन दिवस. हे हाताने काढायचं असेल तर सत्तरचा नियम वापरा, टक्के कमी असतील तेव्हा चालतो: ७० ला वाढीच्या टक्क्याने भागा, दुपटीचा काळ आला. वर्षाला २ टक्के वाढ असेल तर ३५ वर्षं. बँकेची एफडी असो नाहीतर माणसांची लोकसंख्या, गणित तेच. आपल्याकडे २००१ ते २०११ या दहा वर्षांत लोकसंख्या १७.७ टक्के वाढली, आधीच्या दशकात २१.५४ टक्के, म्हणजे एकूण डोकी वाढतच होती पण गुणक मंदावत होता, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

आता चौदावा दिवस बघा. त्या दिवशी भाची ग्लास हातात घेऊन म्हणाली, "मामा, आत्ता कुठे स्पीड घेतलाय यांनी!" आणि पहिल्या रकान्याप्रमाणे ती बरोबरच होती की, ६८ टिकल्या दोन दिवसांत, सगळ्यात मोठी उडी. पण दुसऱ्या रकान्यात गुणक १.५५ वरून १.४६ वर उतरलेला. ब्रेक लागायला सुरुवात झालेली होती, आणि ग्लासात अजून बरंच पाणी मोकळं दिसत होतं. डोळ्यांना सगळ्यात जोरात वाढ दिसते त्याच दिवशी प्रत्येकीचा वेग उतरायला लागलेला असतो. हे मला स्वतःला पुस्तकातून कधी नीट कळलं नव्हतं, ग्लास समोर होता म्हणून कळलं.

वेग का उतरतो? टिकल्या एकमेकींना खेटायला लागतात, एकीची सावली दुसरीवर पडते, पिल्लाला पसरायला जागा नाही, पाण्यातलं खतही संपत आलेलं. बेल्जियमच्या फेर्हुल्स्ट नावाच्या गणितज्ञाने १८३८ साली याचं समीकरण मांडलं, आणि त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते: वाढ म्हणजे किती आया आहेत गुणिले किती जागा शिल्लक आहे. सुरुवातीला जागा भरपूर पण आया बाराच. शेवटी आया साडेतीनशे पण जागाच नाही. मधोमध दोन्ही पुरेसे असतात, म्हणून सगळ्यात मोठी उडी तिथे. आमचा ग्लास ३६० च्या आसपास थांबला, हीच त्याची कॅरिंग कपॅसिटी, म्हणजे त्या जागेत मावतील आणि टिकतील तेवढ्या जास्तीत जास्त टिकल्या, आणि ६८ ची उडी १४९ ते २१७ च्या मध्ये आली, म्हणजे अर्ध्या भरलेल्या ग्लासाच्या आजूबाजूला. इतकं नीट जमेल असं मलाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या ग्लासात ऊन कमी पडायचं, तो तीनशेच्या खालीच अडकला, तेव्हा ३६० हा आकडा डकवीडचा नाही, त्या ग्लासाचा आणि त्या खिडकीचा आहे.

ग्राफ दोन काढा. एक साधा, त्यात एस दिसेल. दुसरा काढताना ग्राफच्या सेटिंगमध्ये उभ्या अक्षाला लॉग स्केल करा, म्हणजे १ ते १० ला जेवढं अंतर तेवढंच १० ते १०० ला; कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये तो पर्याय असतो. लॉगवर सरळ रेघ दिसतेय तोवर गुणक एकच आहे, आणि रेघ जिथून वाकायला लागली तिथून ब्रेक. व्हायवाला सरांनी नेमकं हेच विचारलं होतं, भाचीला आलं.

इथे थांबलात तरी प्रोजेक्ट पूर्ण होतं, पण माझ्या मते मजा पुढे आहे. ग्लास भरल्यावर त्यातल्या टिकल्या काढा आणि परत मोजा. आम्ही पाणी आणि खत बदलून एका ग्लासात अर्ध्या म्हणजे १८० ठेवल्या आणि दुसऱ्या ताज्या ग्लासात फक्त २०. अर्धावाला ग्लास आठव्या दिवशी ३२९ वर, म्हणजे जवळपास पूर्ववत. वीसवाला आठव्या दिवशी ११८. अर्ध्या काढल्या म्हणजे आपण त्यांना उचलून बरोब्बर त्या जागी ठेवलं जिथे त्या सगळ्यात जास्त भर घालतात! आता जलपर्णी आठवा. दक्षिण अमेरिकेतून आलेली, आडव्या धावत्या खोडांवर नवीन रोपं सोडत जाणारी, सांडपाण्याचं खत मिळालं की एक-दोन आठवड्यांत दुप्पट होणारी. पुण्यात मुळा-मुठेला नाहीतर कोल्हापूरकडे पंचगंगेला दर उन्हाळ्यात हिरवा गालिचा येतो, मशीन लावून निम्मा उचलतात, फोटो येतात, आणि पंधरवड्यात परत तसंच, मग लोक म्हणतात रातोरात आली. रातोरात नाही आली. निम्मी काढणं म्हणजे छाटणी झाली, आणि त्यात खताचा नळ चालूच. काढायचीच तर अगदी थोडी उरेपर्यंत काढायची आणि ती थोडी असतानाच परत परत काढायची, आणि पाण्यात येणारं सांडपाणी थांबवायचं, नाहीतर गाळात पडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत असतंच. उलट मासेमारीत हेच गणित आपल्या फायद्याचं, तळ्यात निम्मे मासे राखले तर ते जास्तीत जास्त भरून देतात, निदान कागदावर तरी.

आता एक सावधगिरी, सगळेच जीव डकवीडसारखे शहाण्यासारखे ब्रेक लावत नाहीत. डकवीडला गर्दी झाल्याचं लगेच कळतं, सावली आजच पडते. अलास्काच्या बाजूला बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे, तिथे १९४४ साली अमेरिकन तटरक्षक दलाने २९ रेनडियर नेऊन सोडले, अडीअडचणीला मांस म्हणून. लांडगे नाहीत, आणि खायला जमिनीवर लायकेनचा जाडच्या जाड थर, म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. १९५७ ला १,३५० झाले, १९६३ ला ६,०००. पहिल्या तेरा वर्षांत साधारण साडेपाच वेळा दुप्पट, म्हणजे दर सव्वादोन-अडीच वर्षांनी. पुढच्या सहा वर्षांत दोन वेळांपेक्षा थोडं जास्त, म्हणजे किंचित मंदावले, पण ब्रेक म्हणावा असं काही नाही. दगडफूल वाढतं फार सावकाश, पण आधीचा साठा इतका होता की तो खाऊन संपत आला तरी आकडा वाढतच राहिला. मग १९६३-६४ चा कडक हिवाळा आला आणि १९६६ ला मोजले तेव्हा ४२ उरले होते, त्यातला नर एकच, आणि पाडस एकही नाही. प्रोजेक्टमध्ये हे आकडे लॉग ग्राफवर डकवीडच्या शेजारी काढा, फरक डोळ्यांत भरतो.

तांदळाच्या डब्यातल्या सोंडवाल्या किड्यांवर पण हे करता येतं, पण वेळ लागतो आणि घरातून शिव्या पडतात. १९४८ साली बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांचा हिशोब मांडला होता, २९ अंश तापमानात आणि भरपूर धान्य असताना आठवड्याला साधारण २.१४ पट. मोजताना मेख ही की अळी दाण्याच्या आत असते, दिसतात ते फक्त मोठे, त्यामुळे डब्यात पाच किडे दिसले म्हणजे पाचच आहेत असं समजू नका, खरी फौज दाण्यांत बसलेली असते. सगळे वेचले तरी पुढच्या महिन्यात परत का येतात त्याचं उत्तर हेच.

आणि ग्लासाबाहेर मोजायला जाल तेव्हा अजून दोन दारं उघडी असतात. ग्लासात फक्त जन्म आणि मृत्यू, कोणी बाहेरून येत नाही, कोणी जात नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो हिवाळ्यात मोजले आणि ऑगस्टमध्ये मोजले तर पॉप्युलेशन क्रॅश झाली असं वाटेल, पण ते फक्त गेलेले असतात, पिल्लं तर ते तिकडे कच्छच्या रणात वाढवतात. म्हणून बाहेरची मोजणी दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच वेळेला.

काही बिघडलं तर: टिकल्या पिवळ्या पडल्या म्हणजे खत संपलं, दोन चमचे घाला पण वहीत तारीख लिहा, कारण त्यानंतर कॅरिंग कपॅसिटी बदलते. पांढऱ्या पडल्या तर ऊन जास्त किंवा क्लोरीन. पांढऱ्या मेलेल्या टिकल्या मोजायच्या नाहीत, पण काढूनही टाकू नका, किती मेल्या त्याचा वेगळा रकाना ठेवा. पाणी हिरवं झालं तर तो ग्लास बाद, उगाच ओढू नका.

झाल्यावर डकवीड नाल्यात, तळ्यात, बेसिनमध्ये कुठेही ओतायची नाही. चहाच्या गाळणीत गाळा, वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि कुंडीत घाला. आमची आईच्या तुळशीलाच गेली, जिथे पहिला ग्लास आधीच गेला होता.